मांजराचं झाड घरी बनवूया : सगळा खेळ बुडाशी

आजचा विषय हातोडी-करवतीचा आहे. मांजरासाठी घरच्या घरी ‘झाड’ कसं बनवायचं, ते सांगतो.

आधी ‘कशाला’ ते बघू. मांजर शिकारी आहेच, पण आकाराने लहान असल्यामुळे ते दुसऱ्याची शिकारही होऊ शकतं. म्हणून उंचावर बसून सगळीकडे नजर ठेवता आली की ते निवांत होतं. आमच्याकडे बारा वर्षांची मनी आहे. घरात तरुण बोका आला आणि ती पलंगाखालून बाहेरच येईना. जेवणही कमी झालं. वन बीएचकेमध्ये तिला हक्काची जागा द्यायची तर वरच्या दिशेनेच देता येणार होती.

आता मुद्द्याचं. मांजराचं झाड हलता कामा नये. एकदा उडी मारल्यावर ते डुगडुगलं की बरीच मांजरं परत त्याच्याकडे फिरकत नाहीत. म्हणून खर्च आणि वजन, दोन्ही बुडाशी घाला.

बुडाला १८ मिमी जाडीचं, ६० बाय ६० सेंमी प्लायवूड घ्या. मधोमध खांब, म्हणजे ११० मिमी व्यासाचा, ८० सेंमी उंचीचा पीव्हीसी पाइप. पाइपाच्या दोन्ही टोकांत घट्ट बसेल असा लाकडी ठोकळा घाला. पाइपातून ठोकळ्यात स्क्रू मारा, आणि प्लायच्या खालून वर ठोकळ्यात लांब स्क्रू पिळा. मग खांबाच्या दोन्ही बाजूंना शहाबादी फरशीचा एकेक तुकडा चिकटवा. ६० बाय २२ सेंमीचे, अडीच सेंमी जाडीचे दोन तुकडे म्हणजे साधारण सतरा-अठरा किलो वजन झालं! वर ४५ बाय ३५ सेंमीची फळी आणि तिच्यावर जुनी सतरंजी.

खांबाला दोर घायपाताचा, म्हणजे सिसलचा. नायलॉनचे धागे नखांत अडकतात, आणि काथ्याचा भुसा घरभर होतो. ८ मिमी दोर घेतलात तर ८० सेंमीसाठी शंभर वेढे लागतात. एका वेढ्याला सुमारे ३७ सेंमी, म्हणजे एकूण ३७ मीटर. चाळीस मीटर आणा. सुटी टोकं नीट बंद करा, कारण धागा गिळला तर मांजराच्या आतड्यात अडकू शकतो.

एवढी उंची का? ओरखडताना मांजर अंग पूर्ण ताणतं, नखाचं जुनं कवच काढून टाकतं आणि पंज्यांतल्या ग्रंथींचा वास तिथे सोडतं. खांब बुटका असला तर ताणायला जागा मिळत नाही, आणि मग सोफा आहेच!

दोन मांजरं असतील तर अजून एक गोष्ट सांभाळा, उतरायला दोन वाटा हव्यात. वाट एकच असली की दुसरं मांजर खाली दबा धरून बसतं आणि वरचं अडकतं. आम्ही एका बाजूला स्टूल ठेवलं, दुसरीकडे सोफ्याची पाठ आहे. मनीच्या म्हाताऱ्या गुडघ्यांनाही स्टूल बरं पडतं.

जागा खिडकीजवळची निवडा, पण खिडकीला घट्ट जाळी बसवल्यावरच. पुसायला फिनाईल नको. तसली द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि ते पंजे चाटणारच.

शेवटची परीक्षा : वरच्या फळीला हाताने जोरात ढकलून बघा. हललं तर लोखंडी अँगलने भिंतीला बांधा. मगच मांजराला बोलवा. आणि हो, उचलून वर ठेवू नका बरं का. त्याचं त्याला चढू द्या.