गंमत नेमकी कुणाची?

सुट्टी लागली की अनेक घरांत मुले हॅरी पॉटर घेऊन बसतात आणि पालक विचारतात, "जादूची पुस्तके वाचू द्यावीत का?" जादूटोणा इस्लाममध्ये हराम आहे आणि मोठ्या गुन्ह्यांत मोडतो, हे मुलांना स्पष्ट सांगायलाच हवे. पण मूल वाचतच असेल, तर एक प्रसंग त्याच्याशेजारी बसून वाचा.

१९९७ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात नेव्हिल नावाचा विसराळू, भित्रा मुलगा आहे. ग्रंथालयाबाहेर मॅल्फॉय त्याला गाठतो आणि पाय जखडण्याचा मंत्र टाकतो. कारण काय, तर सरावासाठी कुणीतरी हवे होते! त्या दुनियेत हा मंत्र किरकोळच. उतारा म्हटला की पाय मोकळे. पण बिचाऱ्या नेव्हिलला सशासारख्या उड्या मारत मनोऱ्यातल्या खोलीपर्यंत यावे लागते. त्याला पाहून सगळे खो-खो हसतात. एकटी हर्मायनी उठून त्याचे पाय सोडवते.

पाय सुटले, तरी मनातली गाठ राहते. शिक्षिकेकडे तक्रार कर म्हटले, तर तो मान हलवतो. त्याला आणखी त्रास नको असतो. आपण या घरात राहण्याइतके शूर नाही, हे त्याला पटून चुकलेले असते. आपली मुलेही शाळेतल्या अशा गोष्टी घरी का सांगत नाहीत, ते इथे कळते.

हदीसमध्ये असाच एक लहानसा प्रसंग आहे. प्रवासात एक सहाबी झोपले होते. कुणीतरी त्यांची दोरी उचलली आणि ते दचकले. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, मुस्लिमाने दुसऱ्या मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही. दोरी ती काय, पण भीती खरी होती. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीतही एकमेकांची टर उडवायला आणि वाईट नावे ठेवायला मनाई आहे. "जाड्या", "काळ्या", "तोतऱ्या" हे आपल्या घरातले, गल्लीतले किरकोळ मंत्रच नाहीत का?

म्हणून पुस्तक मिटल्यावर मुलाला विचारा, "त्या खोलीत तू असतास, तर हसला असतास की उठला असतास?" आणि मग अम्मी-अब्बांनी हाच प्रश्न स्वतःलाही विचारावा. कारण टोपणनावे बहुधा घरातच पडतात.