डिकी बेट्सला ‘दुसरा’ म्हणू नका

१८ एप्रिल २०२४ रोजी फ्लोरिडातल्या ओस्प्री गावी राहत्या घरी डिकी बेट्स गेले. वय ८०. कर्करोग होता, फुप्फुसांचं जुनं दुखणंही होतं. ऑलमन ब्रदर्स बँडचे सहसंस्थापक, ‘रॅम्बलिन मॅन’चे कर्ते आणि गायक, हे सगळं बातम्यांत येऊन गेलं आहे. त्या बातम्या वाचताना एक गोष्ट मात्र खटकत राहिली. डिकींविषयी सुरू झालेला मजकूर तिसऱ्या-चौथ्या ओळीत ड्वेन ऑलमनकडे वळायचा आणि तिथेच रमायचा.

डिकींच्या वाट्याला हे जन्मभर आलं. ड्वेन २९ ऑक्टोबर १९७१ रोजी जॉर्जियातल्या मेकन शहरात मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता. तरुण गेलेल्या माणसाची दंतकथा व्हायला वेळ लागत नाही. डिकी त्यानंतर बावन्न वर्षं जगले. त्यांनी बँड सावरला, त्याला सर्वांत मोठं गाणं दिलं, दारू प्यायले, भांडले, बाहेर काढले गेले आणि तरीही वाजवत राहिले. दंतकथेला इतकं लांबलचक आयुष्य मानवत नाही. म्हणून ते ‘ड्वेनच्या शेजारी उभा असलेला दुसरा गिटारवाला’ राहिले. ड्वेनचं मत मात्र वेगळं होतं. प्रसिद्ध मी असलो तरी चांगला वाजवणारा डिकीच, असं तो म्हणत असे, ही आठवण बँडच्या चाहत्यांत आजही सांगितली जाते.

या दोघांत नेमकं काय घडत होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या काळच्या रॉक बँडमध्ये दोन गिटारी असल्या तर कामाची वाटणी ठरलेली असायची. एक जण सुरावट वाजवणार, दुसरा तिला तालाची आणि स्वरमेळाची बैठक देणार. ऑलमन ब्रदर्सनी ही वाटणी मोडली. दोघंही पुढे. एकच सुरावट दोघं मिळून वाजवायचे. एक मूळ स्वरांवर, दुसरा तिसऱ्या स्वराच्या अंतरावर, आणि जोडी अशी घट्ट की दोन कंठांतून एकच ओळ निघावी. मग वाटा फुटायच्या. ड्वेन ब्लूजमध्ये मुरलेला. डाव्या हाताच्या बोटावर काचेची बाटली चढवून तो तारांवरून स्वर ओढायचा. ती बाटली कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची. वाढदिवसाच्या सुमारास तो सर्दीने आजारी होता, धाकट्या भावाने, बँडमधल्याच ग्रेगने, त्याला ताजमहाल या ब्लूज गायकाची रेकॉर्ड आणि त्या गोळ्या आणून दिल्या. ड्वेनने बाटलीवरचं लेबल धुऊन काढलं आणि वाजवायला बसला.

डिकी दुसऱ्या मातीतले. त्यांच्या घरात फिडल आणि बॅन्जोची परंपरा, स्वतः लहानपणी युकुलेलीवर सुरू झालेले. त्यांच्या वाजवण्यात उजेड आहे, मोकळं आवार आहे. दोन फिडल जोडीने वाजवण्याची वेस्टर्न स्विंगमधली रीत त्यांच्या कानात मुरलेली होती आणि दोन गिटारींच्या त्या जोडकामाचं मूळ मला तिथे दिसतं. त्याशिवाय ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही शब्दहीन रचना डिकींचीच, ‘ब्लू स्काय’ डिकींचं, ‘जेसिका’ही त्यांचीच. ‘जेसिका’ त्यांनी जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाला मानवंदना म्हणून रचली. आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर तो सारं वाजवायचा; तसंच दोन बोटांत बसेल असं काहीतरी डिकी शोधत होते. त्यांची तान्ही मुलगी जेसिका खोलीत रांगत आली, तिच्या हालचालीवर सुरावट बेतली गेली, आणि तिचंच नाव रचनेला मिळालं. ब्रिटनमधल्या ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत म्हणून आपल्याकडेही हजारोंनी ती ऐकली आहे, कर्त्याचं नाव माहीत नसताना.

एलिझाबेथ रीड हे नाव कुठून आलं? मेकनमधल्या रोझ हिल दफनभूमीतून. बँडमधली मंडळी तिथे रात्री-अपरात्री जाऊन बसायची, वाजवायची. डिकींना ज्या मुलीवर रचना करायची होती तिचं नाव उघड करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी एका जुन्या थडग्यावरचं नाव उचललं. आज त्याच रोझ हिलमध्ये ड्वेन, बासवादक बेरी ओकली आणि ग्रेग यांच्या समाध्या आहेत. ओकली ड्वेननंतर वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ रोजी, ड्वेनच्या अपघाताच्या जागेपासून जेमतेम तीन चौक अलीकडे, मोटरसायकलवरच गेला. तोही २४ वर्षांचा.

‘सदर्न रॉक’ हे लेबल या बँडवर पहिल्यापासून चिकटलं आणि ग्रेगला ते कधीच आवडलं नाही. रॉक जन्मालाच दक्षिणेत आला, मग वेगळं ‘दाक्षिणात्य’ काय सांगायचं, असा त्याचा सवाल असे. मला तो रास्त वाटतो. या बँडचे दोन ढोलकरी होते. बुच ट्रक्स रेल्वे इंजिनासारखा सरळ रेटत नेणारा. जेमो मूळचा जॅझकडे ओढा असलेला, त्याआधी ओटिस रेडिंगसाठी वाजवून आलेला. जेमोनेच बाकीच्यांना माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन ऐकवले. माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पारायणं झाली. एका स्वरसमूहावर ठाण मांडून तो विस्ताराने मांडत जायचं, ही दृष्टी तिथून आली. राग ऐकणाऱ्या कानांना हा बँड लवकर जवळचा वाटतो तो यामुळे. ‘व्हिपिंग पोस्ट’ची सुरुवात अकरा मात्रांची आहे, तीन-तीन-तीन-दोन अशी मोजावी लागते. ग्रेगला आपण अकरा मात्रांत लिहिलंय याचा पत्ताच नव्हता. ड्वेनने सांगितलं तेव्हा कळलं.

जेमो कृष्णवर्णीय. हे वाक्य आज साधं वाटेल. बँड जमला मार्च १९६९ मध्ये, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं. लगेच सारे मेकनला राहायला आले. त्या वेळी जॉर्जियाचे गव्हर्नर होते लेस्टर मॅडॉक्स, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना स्वतःच्या उपाहारगृहात पाऊल ठेवू न देण्यासाठी गाजलेले गृहस्थ. अशा राज्यात पाच गोरे लांबकेशे तरुण आणि एक काळा, एका छपराखाली राहतात, एका गाडीतून हिंडतात, ही गोष्ट त्या संगीताइतकीच धीट होती.

आणि त्यांना जेवू घातलं कुणी? मेकनमध्ये एच अँड एच नावाची खाणावळ आहे, आयनेझ हिल आणि लुईझ हडसन या दोन कृष्णवर्णीय बायकांनी १९५९ साली काढलेली. सुरुवातीच्या दिवसांत पोरांचे खिसे रिकामे असत. एक-दोन ताटं मागवून सगळे त्यातच वाटून खायचे. लुईझबाईंनी ते पाहिलं आणि प्रत्येकासमोर ताट ठेवलं. पैसे नंतर द्या म्हणाल्या. पैसे नंतर आलेही. बँड मोठा झाल्यावर त्यांनी बाईंना दौऱ्यावर सोबत नेलं. पुढे त्या साऱ्या शहराच्या ‘मामा लुईझ’ झाल्या. २०२२ साली त्या गेल्या. दक्षिणेच्या संगीताविषयी लिहिताना बंडखोरी, व्हिस्की आणि मोटरसायकली यांवरच भर पडतो. मला या ताटांचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो.

मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये झालेल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण जुलैत दुहेरी अल्बम म्हणून आलं. टॉम डाउड निर्माते होते. ‘व्हिपिंग पोस्ट’ एकट्याने एक अख्खी बाजू व्यापते, तेवीस मिनिटं. मुखपृष्ठावर विटांच्या भिंतीपाशी सामानाच्या पेट्यांवर बसून हसणारे सहा जण. मलपृष्ठावर त्याच भिंतीपाशी बिअर पिणारे त्यांचे सामान वाहणारे, तारा जोडणारे सोबती. कामगारांना असं मानाचं पान देणारा दुसरा अल्बम मला चटकन आठवत नाही. २००४ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला.

ड्वेननंतर बँड संपायला हवा होता. तो संपला नाही याचं मोठं श्रेय डिकींचं. १९७३ सालचा ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ बिलबोर्डच्या यादीत पहिला आला, ‘रॅम्बलिन मॅन’ एकेरी गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच वर्षीच्या २८ जुलैला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड आणि द बँड यांच्यासोबत हा बँड वाजला, तेव्हा अंदाजे सहा लाख लोक जमले होते. पुढची फूट, अमली पदार्थ, कोर्टातल्या साक्षी, पुन्हा जुळणं हा इतिहास लांब आहे आणि सुखाचा नाही. शेवट असा की २००० साली डिकींना फॅक्सने कळवण्यात आलं, उन्हाळ्याच्या दौऱ्यात तुम्ही नाही. त्यांचं पिणं आणि वागणं सहकाऱ्यांना असह्य झालं असेल, ते मी नाकारत नाही. पण एकतीस वर्षांच्या साथीचा निरोप कागदावर देणं मला आजही पटत नाही. ग्रेग २०१७ च्या मे महिन्यात गेला, त्याआधी दोघांत पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. मेकनच्या अंत्यविधीला डिकी हजर होते. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरही होते. कार्टर यांच्या १९७६ च्या निवडणुकीसाठी या बँडने पैसे उभे केले होते.

डिकींच्या जागेचा प्रश्न बँडने सोडवला; ड्वेनची स्लाइड, म्हणजे बोटावरच्या काचेने स्वर ओढण्याची रीत, पुढे नेणारा मुलगा तर बुचच्या घरातच होता. त्याचा पुतण्या डेरेक ट्रक्स १९९९ पासून बँडमध्ये वाजवू लागला. हा मुलगा उस्ताद अली अकबर खाँच्या सरोदाने भारलेला, कॅलिफोर्नियात त्यांच्या संगीत महाविद्यालयात शिकून आलेला. २००६ च्या त्याच्या ‘साँगलाइन्स’ अल्बममध्ये नुसरत फतेह अली खाँच्या रचना आहेत. काचेखालून तारेवर घसरणारा त्याचा स्वर ऐकताना मींड ओळखू येते, आणि ती ओळख खरी आहे.

राहिले चाहते. त्यांच्याशिवाय हा इतिहास हाती लागलाच नसता. बँडने मैफलीत ध्वनिमुद्रण करायला मनाई केली नाही. लोकांनी मायक्रोफोन आणले, टेप भरल्या, एकमेकांना टपालाने धाडल्या, कुठल्या रात्री कोणतं वादन कसं झालं याच्या वह्या ठेवल्या. कर्क वेस्ट नावाचा छायाचित्रकार चाहता म्हणून मागे लागला आणि शेवटी बँडच्या दौऱ्यांच्या व्यवस्थेतच सामील झाला. त्याने आणि त्याच्या बायकोने १९९३ साली मेकनमधलं ‘बिग हाउस’ विकत घेतलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बँडचा परिवार जिथे एकत्र राहिला ते हे घर. तिकिटं, पत्रं, कपडे, वाद्यं जमवत त्याने तिथे जे साठवलं त्यातून आजचं संग्रहालय उभं राहिलं. हे काम एखाद्या विद्यापीठाने किंवा रेकॉर्ड कंपनीने करायचं असतं. केलं ते एका जोडप्याने, पदरमोड करून. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या, तमाशाच्या, बँडबाजाच्या किती जागा अशा कुणाची वाट पाहत पडून गेल्या, हा विचार मनातून जात नाही.

बँडची शेवटची मैफल २८ ऑक्टोबर २०१४ ची, न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधली. ती मध्यरात्र ओलांडून ड्वेनच्या स्मृतिदिनात शिरली. डिकी गेल्यावर मूळच्या सहांपैकी एकटा जेमो उरला.

डिकींना ऐकायचं असेल तर ‘रॅम्बलिन मॅन’पासून सुरुवात करू नका. फिलमोर ईस्टचं ‘एलिझाबेथ रीड’ लावा, हेडफोन घाला आणि निदान एकदा ड्वेनची गिटार सोडून दुसऱ्या बाजूची गिटार सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका.