रमणबागेची शाळा आणि अकोल्याचा विद्यार्थी

जळगाव जामोदहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला फर्ग्युसन रस्ता आठवड्याभरात पाठ होतो. त्या फर्ग्युसन कॉलेजच्या आधीची, त्याला जन्म देणारी शाळा मात्र जुन्या पेठांत आहे. रमणबाग म्हटले की आज गणपतीतला ढोलताशा आठवतो. पण ते न्यू इंग्लिश स्कूल आहे आणि त्याच्या कहाणीत आपल्या वऱ्हाडाचाही वाटा आहे.

१ जानेवारी १८८० रोजी बुधवार पेठेतल्या मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यात ही शाळा सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली होती. टिळक तेवीस वर्षांचे, नुकतेच वकिलीची परीक्षा पास झालेले. पैसा उभा करण्याची आणि माणसे जोडण्याची हातोटी होती महादेव बल्लाळ नामजोशींकडे. लवकरच वामन शिवराम आपटे आले. त्यांचा संस्कृत कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. पण शाळेची घडी आणि शिस्त बसवणारे आपटे आपण पार विसरलो आहोत. टिळक गणित शिकवत ते बरेचसे तोंडीच. पायऱ्या फळ्यावर मांडत बसणे त्यांना आवडत नसे, त्यामुळे हुशार मुले खूश आणि बाकीची कासावीस.

गोपाळ गणेश आगरकर एम.ए. आटोपून १८८१ मध्ये शाळेत आले. जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, पण मॅट्रिक झाले ते अकोल्यातून. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी गावोगाव फिरावे लागले. अकोल्यात ते ‘वऱ्हाड समाचार’मध्ये लिहीत. तिथले हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी या मुलाला पाठबळ दिले. अकोल्यात एका मास्तराने एक विद्यार्थी ओळखला नसता, तर पुण्याच्या शाळेला आगरकर लाभले असते का, असे मला नेहमी वाटते.

या मंडळींपुढे आदर्श होता जेझुइटांचा. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये जर्मन जेझुइट पाद्र्यांनीच उभे केले होते. अल्प वेतनावर राहायचे, आयुष्य शिक्षणाला द्यायचे, हे त्यांचे व्रत या तरुणांनी आपल्या देशकार्यासाठी उचलले. पहिल्या वर्षी चिपळूणकर आणि टिळकांनी पगारच घेतला नाही. सरकारी अनुदानही नव्हते. तरी पहिल्याच वर्षी शाळेच्या विद्यार्थ्याने मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली आणि वाड्यात जागा पुरेनाशी झाली.

त्याच माणसांनी जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ काढले. छापखान्याचे सामान वाड्यात हलवताना टिळक, आगरकर, चिपळूणकरांनी टाइपाच्या पेट्या स्वतः खांद्यावरून वाहिल्या, असे सांगतात. दिवसा वर्ग, रात्री मुद्रिते. १८८२ च्या मार्चमध्ये चिपळूणकर गेले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. शाळेचे दोन शिक्षक कैदेत, तरी वर्ग चालू राहिले. शिक्षण आयोगाचे हंटरसाहेब शाळा पाहून भारावून गेले, तेही त्याच वर्षी. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज.

पुढे मतभेद झाले. बाहेरच्या कमाईचा प्रश्न, स्वार्थत्यागाचा अर्थ आणि समाजसुधारणेचा वाद यांत मने दुरावली. १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. आगरकरांनी तुटपुंज्या पगारावर शेवटपर्यंत नोकरी केली, १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, दम्याने खंगून गेले. ही शाळा लोक टिळकांच्या नावाने ओळखतात. माझ्या मते ती तेवढीच आगरकरांची आणि आपट्यांची आहे.

आपल्या गावातली मुले पुण्याला जातील तेव्हा त्यांना एकदा रमणबागेत जाऊन यायला सांगा. अकोल्याच्या शाळेतून निघालेला एक गरीब मुलगा या शाळेत शिकवत होता, हेही आवर्जून सांगा.