आधी बियाणं, मग बाजार

मंडळी, तुमच्या गावात एक तरी पेंटर असेलच. शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा, ग्रामपंचायतीचा फलक, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची 'आईवडिलांची कृपा', मारुतीच्या देवळातले द्रोणागिरी उचललेले चित्र, हे सगळे त्याच्याच हातचे. रस्त्याने जाताना आपण ते रोज बघतो. पण या माणसाच्या घरी कधी डोकावलात का? खाटेखाली पत्र्याची पेटी असते. त्या पेटीत कागदाच्या गुंडाळ्या असतात. कुणी सांगितले नाही, कुणी पैसे दिले नाहीत, तरी त्याने काढलेली ही चित्रे. बहुतेक अर्धवट. का अर्धवट, असे विचाराल तर उत्तर एकच. वेळ कुठाय?

पेंटरची कामे दोन. एक पोटाचे आणि एक मनाचे. पोटाचे काम चौरस फुटावर मोजतात, मनाचे काम मोजता येत नाही. म्हणून घरात भांडण झाले की पहिली कुऱ्हाड मनाच्या कामावर पडते. घरचे म्हणतात, रिकामटेकडे उद्योग सोड, दोन पैसे मिळतील ते बघ. त्यांचेही खोटे नाही. किराणा चित्रावर मिळत नाही.

पण शेतकरी बंधूंनो, तुम्हीच सांगा. ज्वारीचे खळे झाले की सगळी रास बाजारात जात असे काय? आपल्या आज्या टपोरी कणसे आधीच बाजूला काढत, राखेत घोळून मडक्यात ठेवत. घरात कितीही नड असो, त्या मडक्याला कुणी हात लावत नसे. ते विकले असते तर त्या वर्षी चार पैसे जास्त आले असते, पण पुढच्या मृगाला पेरायचे काय? चित्रकाराचे मनाचे काम म्हणजे हे बियाण्याचे मडके आहे.

फ्लेक्सने दिलेला धडा

हे नुसते बोलायचे म्हणून नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगाव फ्लेक्स आले. जी पाटी रंगवायला पेंटरला दोन दिवस लागत, ती यंत्रातून काही मिनिटांत बाहेर पडू लागली. ज्यांचा हात फक्त ठरलेली अक्षरे गिरवण्यात अडकला होता, त्यांचे ब्रश वाळले. कुणी गवंड्याच्या हाताखाली गेले, कुणी शहरात इमारतींना रंग देऊ लागले. टिकले ते बहुधा ज्यांच्या हातात स्वतःचे काही होते. यंत्र अक्षर छापते, पण तुमच्या गावच्या यात्रेचे, तुमच्या बैलांचे चित्र त्याला कुणी काढून दिल्याशिवाय छापता येत नाही. म्हणजे मनाचे काम हेच शेवटी पोटाच्या कामाला तारते.

गंजाडचे उदाहरण

डहाणू तालुक्यातले गंजाड गाव बघा. तिथले जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. वारली समाजात भिंतीवर चित्र काढायचे ते लग्नाच्या वेळी, आणि तेही सुवासिनींनी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ आणि बांबूची काडी एवढेच साहित्य. म्हसे पुरुष असून, आणि घरात लग्न नसतानाही, रोज चित्र काढत. पैशाचा तर विषयच नव्हता. १९७० नंतरच्या वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात आले, त्यांनी कागद-रंग दिले आणि ही चित्रे मुंबईपर्यंत नेली. पुढे म्हसे यांची चित्रे परदेशात गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या वाटेने त्या भागातली कितीतरी तरुण पोरे आज चित्रांवर घर चालवतात. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका माणसाच्या बिनपैशाच्या सवयीतून एवढे पीक आले.

पण या पिकालाही कीड लागते. मागणी वाढली की तोच तारपा, तोच गोल नाच साडीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर काढायचा. गिऱ्हाइकाला तेच हवे असते. त्यात वाईट काही नाही, पोट भरते. मात्र म्हसे यांनी डोळ्यांसमोरचे बघून काढले. भातशेती, मुंग्या, मासे पकडायचे जाळे असे सारे त्यांच्या चित्रात आले. नुसतेच गिरवत बसले तर बियाणे संपते.

हिशेब कसा बसवायचा

पेंटरबंधूंनो, यात मोठी विद्या नाही. कामावर जाण्याआधी पहाटेचा एक तास स्वतःच्या चित्राचा ठरवा आणि तो गिऱ्हाइकाला विकू नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींची कामे थांबतात. गणपतीच्या कारखान्यातले काम सुरू होईपर्यंत जे दिवस मोकळे मिळतील, ते आपले समजा. प्रत्येक कामाच्या पैशातून थोडे काढून स्वतःच्या कागद-रंगासाठी वेगळ्या डब्यात टाका.

पोटाच्या कामात मात्र व्यवहार चोख ठेवा. किती चौरस फूट, रंगाचे किती हात, रंग कुणाचा, पैसे कधी, हे कागदावर लिहून घ्या. इसार घेतल्याशिवाय डबा उघडू नका. पैशासाठी मारलेल्या खेपा तुमच्या चित्राच्या वेळातूनच जातात. आणि पोटाच्या कामाला कमी लेखू नका. उन्हात शिडीवर उभे राहून सरळ ओढलेली रेघ हात घडवते. तोच हात रात्री तुमच्या चित्रात उतरतो.

सरपंच, भाऊसाहेब, तुमच्यासाठी

आता दोन शब्द कारभाऱ्यांना. स्वच्छतेच्या घोषणा, पाणी वाचवा, लेक शिकवा हे सारे आपण भिंतीवर लिहून घेतो. काम आठ दिवसांत हवे असते आणि बिल मात्र 'निधी आला की बघू'. तो पेंटर मग दुसऱ्या गावात दुप्पट काम ओढतो, आणि पेटीतले चित्र पेटीतच राहते. निधी हातात नसेल तर काम सांगू नका. सांगितले तर तारीख ठरवून पैसे द्या.

दुसरे, भिंतीच्या कोपऱ्यात त्याला नाव घालू द्या. चित्र विकले तरी ते आपले आहे असे सांगण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रकाराकडेच ठेवला आहे. आपण काही उपकार करत नाही.

तिसरे, घोषणांसाठी दहा भिंती देता, तिथे एक भिंत त्याला त्याच्या मनाची द्या. चुना-रंग ग्रामपंचायतीचा, मजुरी रीतसर, पण काय काढायचे ते त्याने ठरवायचे. कदाचित तो गावचा आटलेला ओढा काढेल, कदाचित ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या. वरच्या अधिकाऱ्यांना आवडेल की नाही, ठाऊक नाही. पण पाच वर्षांनी घोषणा पुसट होतील तेव्हा, या भिंतीवर चुना मारू नका म्हणून गावच आडवे येईल.

यंदा ग्रामपंचायतीची रंगरंगोटी निघेल, तेव्हा पेंटरला एवढेच विचारा, 'बाबा, पेटीत काय आहे? दाखव की एकदा.'