भोपळ्याचा पेला : तयारी आणि निगा

अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझील या प्रदेशांत ‘माटे’ नावाचे पेय घरोघरी घेतले जाते. ते चहाप्रमाणेच तरतरी आणणारे असले, तरी चहाच्या झुडपापासून होत नाही. ‘यर्बा माटे’ या सदाहरित वृक्षाची वाळवून कुटलेली पाने गरम पाण्यात भिजवून ते तयार करतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ सेंट-हिलेर याने १८२२ मध्ये या वृक्षास शास्त्रीय नाव दिले. परंतु तेथील ग्वारानी लोकांना त्याचे गुण फार पूर्वीपासून ठाऊक होते. या पेयाचे नाव मात्र पानांवरून पडलेले नसून पेल्यावरून पडले आहे. क्वेचुआ भाषेत भोपळ्याच्या भांड्यास ‘माटी’ असे म्हणतात.

हा भोपळा आपल्या अगदी परिचयाचा आहे. ज्याची आपण भाजी करतो त्या दुध्या भोपळ्याचीच ही जात होय. साधूंच्या हातातील तुंबाही याच वेलाच्या फळाचा करतात. फळ वेलीवर जून झाले म्हणजे त्याच्या सालीतील पेशींच्या भित्ती लिग्निन या द्रव्यामुळे लाकडासारख्या टणक होतात. आतील गर वाळून त्याचा पांढरा, सच्छिद्र थर सालीस चिकटून राहतो. पेल्याला धोका असतो तो या थरापासूनच. तो पाणी शोषून घेतो, आणि ओलावा व अन्न एकत्र मिळताच बुरशीचे बीजुक तेथे रुजतात.

म्हणून नवा पेला एकदम वापरावयास घेत नाहीत. प्रथम बिया व सुटे तंतू काढून तो धुतात. नंतर त्यात ओली माटेची पाने भरून वरून गरम पाणी घालतात आणि तो सुमारे एक दिवस तसाच ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाने काढून टाकून मऊ पडलेला थर चमच्याने हलक्या हाताने खरवडतात. हीच क्रिया आणखी एकदोनदा करतात. तळाशी देठाची गाठ असल्यास तिला धक्का लावीत नाहीत. ती निघाली तर पेला गळू लागतो. शेवटी पेला सावलीत पूर्ण वाळवितात. या संस्कारामुळे कच्च्या भोपळ्याचा कडवटपणा कमी होतो व आतील बाजूस पानांचा रंग आणि स्वाद चढतो.

पुढील निगा सोपी असली तरी ती रोजच घ्यावी लागते. पेय संपताच चोथा काढून पेला साध्या पाण्याने विसळावा. साबण वापरू नये. सच्छिद्र भिंतीत त्याचा वास मुरतो. नंतर पेला पुसून हवेशीर जागी आडवा ठेवावा. पालथा ठेवल्यास आतली दमट हवा कोंडून राहते. विस्तवाजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास बाहेरील व आतील थर सारख्या वेगाने आकसत नाहीत आणि पेल्यास तडा जातो.

क्वचित वापरात नसलेल्या पेल्यात बुरशीचा पातळ थर दिसतो. तो वरवरचा असेल तर खरवडून, कढत पाण्याने धुऊन पेला पुन्हा नीट वाळवितात. परंतु काळे डाग भिंतीत खोल गेले असतील किंवा कुबट वास जात नसेल, तर पेला टाकून देणेच योग्य. कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या डागापलीकडेही पसरलेले असतात.

ही दक्षता एकट्याच्याच हिताची नाही. माटेच्या बैठकीत एकच पेला आणि ‘बोंबीया’ नावाची एकच धातूची नळी हातोहात फिरते. २०२० च्या महामारीत आरोग्याधिकाऱ्यांनी ही प्रथा थांबविण्यास सांगितले होते. पाण्याच्या उष्णतेचाही विचार करावा लागतो. ६५ अंश सेल्सियसहून अधिक उष्ण पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतात, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दिला. त्याहून कमी उष्ण माटेस तिने त्या वर्गात घातले नाही. म्हणून उकळते पाणी किंचित निवू देऊन मगच पेल्यात ओतावे. पाणी निवण्यास लागणारा हा थोडासा वेळ आणि पेला वाळण्यास मिळणारी मोकळी हवा, एवढ्यावर पिणाराचे आरोग्य व पेल्याचे आयुष्य ही दोन्ही बऱ्याच अंशी अवलंबून असतात.