स्थानक हलवायचे म्हणजे काय?

रेल्वे स्थानक दुसरीकडे न्या, अशी मागणी निघाली की लोक विचारतात, रूळ कसे हलवणार? रूळ हलवावे लागत नाहीत. त्याच मार्गावर फलाट, पादचारी पूल आणि तिकीट खिडकी थोडी पुढे-मागे सरकवली तरी पुष्कळदा भागते. मात्र फलाटाला सरळ, सपाट रूळ लागतो. मनाला येईल तिथे जागा मिळत नाही.

चाकणचेच पाहा. एवढी मोठी औद्योगिक वसाहत, पण गावाला रेल्वे नाही. लोणावळा लोकलने येणारा कामगार कासारवाडीला उतरतो, नाशिक फाटा गाठतो आणि भोसरी, मोशीमार्गे बसने जातो. मार्च २०२२पासून फाट्यावर मेट्रोही आहे. (तिच्या स्थानकाला आधी नाव दिले होते भोसरी, आणि भोसरी गाव राहिले लांब!) एसटी स्टँड पुन्हा वल्लभनगरला. नकाशावर सारे हाकेच्या अंतरावर; पण हातात पिशवी, वर पाऊस आणि मधे महामार्ग असला की पहिल्या पाळीची बस डोळ्यांदेखत निघून जाते.

मागणी करणाऱ्यांनी शिवाजीनगर आठवावे. रेल्वे स्थानकाला लागून असलेला एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला गेला. ऑगस्ट २०२३मध्ये खालची मेट्रो धावू लागली, तेव्हाही स्टँड परतलेला नव्हता. रेल्वे, मेट्रो, एसटी, महापालिका, प्रत्येकाचे खाते वेगळे. म्हणून निवेदनात ‘एकात्मिक केंद्र हवे’ एवढेच लिहून भागत नाही. लोकलमधून उतरल्यावर चाकणच्या बसपर्यंत किती मिनिटे चालायचे आणि तो छत घातलेला रस्ता कोणते खाते बांधणार, हे लेखी मागावे.