बॅटरी लिथियमची, चार्जर शिशाचा

इन्व्हर्टरची पाणी घालायची ट्युब्युलर बॅटरी संपली की हल्ली दुकानदार लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी सुचवतो. सल्ला चांगला आहे. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणलेल्या या पदार्थात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे कोबाल्टवाल्या लिथियम बॅटरीपेक्षा ती भडकण्याचा धोका बराच कमी. तरी आतला इलेक्ट्रोलाइट ज्वलनशीलच असतो, हे विसरू नये.

माझी काळजी वेगळी आहे. बॅटरी नवी येते आणि इन्व्हर्टर जुनाच राहतो. चार्जर तर त्या इन्व्हर्टरच्याच पोटात असतो आणि तो शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो. बारा व्होल्टची म्हणून विकली जाणारी लिथियम बॅटरी म्हणजे ३.२ व्होल्टचे चार सेल एकामागे एक जोडलेले. प्रत्येक सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे सगळ्यांची मिळून १४.६. शिशाच्या बॅटरीतले सेल सारखे करण्यासाठी काही चार्जर अधूनमधून व्होल्टेज १५ च्याही वर नेतात. शिशाला ते मानवते, लिथियमच्या सेलवर तो अत्याचार आहे. तेव्हा बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखणदार सर्किट, जोडणी तोडतं. पण ते शेवटच्या बचावासाठी आहे. रोजचं चार्जिंग त्याच्या भरवशावर सोडणं मला मुळीच पटत नाही.

म्हणून इन्व्हर्टरमध्ये लिथियमचा मोड आहे का, ते आधी पाहा. नसेल तर इन्व्हर्टरही बदला. १४.२ ते १४.६ व्होल्टपर्यंत चार्ज आणि मग करंट ओसरला की थांबणं, एवढंच या बॅटरीला हवं असतं. करंटची मर्यादा कंपनीच्या माहितीपत्रकात असते. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला २० अँपिअर दिले तर ती साधारण पाच-सहा तासांत सुखाने भरते.

जुन्या इन्व्हर्टरवरचे चार्जचे दिवेही फसवतात. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास हलतच नाही, त्यामुळे व्होल्टेजवरून शिल्लक ताडणारा दिवा भलतंच सांगतो.

शून्य अंशाखाली चार्ज केल्यास ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर चढतो आणि सेल कायमचा बिघडतो. लेहला कॅम्परव्हॅन नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा घालतात, आणि मे महिन्यात नागपूरच्या बंद माळ्यावर ती सहज ओलांडली जाते. बॅटरी हवेशीर जागी, जमिनीलगत ठेवा.

बीएमएसने बॅटरी बंद केली तर काही मेकॅनिक त्याला वगळून थेट सेलला तार जोडून देतात. तसं कुणालाही करू देऊ नका. फुगलेली किंवा उग्र वास येणारी बॅटरी असेल तर चार्जिंग तिथेच थांबवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.